सायकल हेल्मेट आणि मोटार वाहनांची धडक

सायकल हेल्मेट किंवा सायकलस्वाराचे शिरस्त्राण हे सायकल चालवताना पडल्यास किंवा धडक बसल्यास डोक्याला होणारी इजा कमी करण्यासाठी वापरले जाणारे संरक्षक साधन आहे. सायकलवरून आपोआप पडणे आणि मोटारगाडीची धडक बसणे हे अपघाताचे दोन वेगळे प्रकार आहेत. हेल्मेटची चाचणी प्रामुख्याने पहिल्या प्रकाराशी जुळणाऱ्या आघातांवर होते. त्यामुळे मोटार वाहनाच्या धडकेत हेल्मेटचा उपयोग होतो का आणि किती होतो, हा प्रश्न १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वैद्यक, अभियांत्रिकी आणि वाहतूक धोरण या तिन्ही क्षेत्रांत चर्चिला जात आहे. उपलब्ध अभ्यासांनुसार मोटारीच्या धडकेतही हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीची, विशेषतः गंभीर दुखापतीची, शक्यता लक्षणीय प्रमाणात कमी होते. मात्र हेल्मेट धडक टाळत नाही, शरीराच्या इतर भागांचे रक्षण करत नाही आणि अतिवेगवान किंवा चिरडणाऱ्या आघातांत ते अपुरे पडते.

रचना

सायकल हेल्मेटचे तीन मुख्य भाग असतात: बाहेरचे पातळ प्लॅस्टिकचे (बहुधा पॉलिकार्बोनेटचे) कवच, आतील फोमचा जाड थर आणि हनुवटीखाली बांधायचा पट्टा. फोमचा थर एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन या पदार्थाचा असतो. भारतात ‘थर्माकोल’ या नावाने परिचित असलेला पदार्थ याच कुळातला आहे. हेल्मेटमधील फोम त्याहून अधिक घनतेचा असतो. आघात शोषण्याचे काम हाच थर करतो. बाहेरचे कवच फोमचे तुकडे होऊ देत नाही, आघात थोड्या मोठ्या भागावर पसरवते आणि खडबडीत रस्त्यावर डोके अडकण्याऐवजी घसरू देते.

मोटारसायकलचे हेल्मेट जाड कवचाचे, जड आणि बहुतेक वेळा बंदिस्त असते. सायकलस्वार स्वतःच्या शक्तीने वाहन चालवत असल्याने त्याच्या शरीरात बरीच उष्णता निर्माण होते. त्यामुळे सायकल हेल्मेट वजनाने हलके आणि हवा खेळती ठेवणारी छिद्रे असलेले असावे लागते. संरक्षण आणि सुसह्यता यांच्यात साधलेली ही तडजोड आहे.

कार्यपद्धती

डोके कठीण पृष्ठभागावर आदळते तेव्हा त्याचा वेग अत्यंत कमी अंतरात शून्यावर येतो. थांबण्याचे अंतर जितके कमी, तितके मंदन अधिक आणि मेंदूवरील ताणही अधिक. सुमारे १.५ मीटर उंचीवरून पडलेले डोके जमिनीवर आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९.५ किमी असतो. हा वेग केवळ ५ मिलिमीटर अंतरात थांबला, तर सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३०० पट होते. फोम दाबला जाऊन थांबण्याचे अंतर २० मिलिमीटर झाले, तर तेच मंदन सुमारे ७५ पट इतके उतरते. हेल्मेटचे मुख्य कार्य थांबण्याचे हे अंतर वाढवणे हेच आहे.

दाबला गेलेला फोम मूळ आकारात परत येत नाही. त्यामुळे मोठा आघात झालेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसत असले तरी पुन्हा वापरण्यायोग्य राहत नाही. अपघातानंतर दुभंगलेले हेल्मेट अनेकदा ‘जीव वाचला’ याचा पुरावा म्हणून दाखवले जाते. प्रत्यक्षात फोमला तडा जाताना तुलनेने थोडी ऊर्जा शोषली जाते. बहुतांश ऊर्जा फोम चिरडला जाताना शोषली जाते. त्यामुळे दुभंगलेल्या हेल्मेटवरून त्याने नेमके किती संरक्षण दिले, हे सांगता येत नाही.

फोमला दाबले जाण्याची मर्यादा असते. तो पूर्ण दाबला गेला की उरलेला आघात जवळजवळ थेट कवटीपर्यंत पोहोचतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. त्यामुळे विशिष्ट वेगापलीकडे हेल्मेटचे संरक्षण झपाट्याने अपुरे पडत जाते.

इतिहास

डोक्याच्या दुखापतींच्या आधुनिक अभ्यासात शल्यविशारद ह्यू केर्न्स यांचे कार्य पायाभूत मानले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून हेल्मेटच्या वापराचा पुरस्कार केला. १९४३ मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांनी डोक्याला बसणारा अचानक पीळ हे मेंदूच्या इजेचे महत्त्वाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले.

सायकल शर्यतींत पूर्वी चामड्याच्या पट्ट्यांची टोपी वापरली जाई; तिच्यात आघात शोषण्याची क्षमता फारशी नसे. १९७५ मध्ये अमेरिकेत ‘बेल’ कंपनीने कठीण कवच आणि पॉलिस्टायरीन फोम असलेले ‘बेल बायकर’ हे खास सायकलस्वारांसाठीचे हेल्मेट बाजारात आणले. मार्च २००३ मध्ये पॅरिस–नीस शर्यतीत कझाकस्तानचे सायकलपटू आंद्रेई किविल्योव यांचा डोक्याला मार लागून मृत्यू झाला. त्यानंतर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने व्यावसायिक रस्ता शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले.

चाचणी मानके

युरोपातील ‘ईएन १०७८’ या मानकानुसार कृत्रिम डोक्यावर हेल्मेट चढवून ते सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने सपाट ऐरणीवर आणि ४.५७ मीटर वेगाने पदपथाच्या कडेसारख्या ऐरणीवर आदळवले जाते. या वेळी मंदन गुरुत्वत्वरणाच्या २५० पटींहून अधिक होता कामा नये. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या संघराज्यीय मानकात सपाट ऐरणीसाठी सुमारे २ मीटर उंचीवरून पडण्याइतका, म्हणजे सेकंदाला ६.२ मीटर वेग वापरला जातो आणि मर्यादा ३०० पटींची असते. पट्टा ताण सहन करतो का आणि हेल्मेट डोक्यावरून निसटते का, हेही तपासले जाते.

हे आकडे ताशी २० ते २२ किमीच्या आसपास येतात. त्यावरून ‘ताशी २० किमीपेक्षा वेगवान अपघातात हेल्मेट निरुपयोगी ठरते’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले कारण असे की चाचणीतील वेग हा डोके पृष्ठभागावर लंब दिशेने आदळण्याचा वेग आहे, सायकलीचा किंवा मोटारीचा नव्हे. ताशी ३० किमी वेगाने जाणारा सायकलस्वार रस्त्यावर पडला, तरी डोके खाली येण्याचा वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. दुसरे कारण असे की मर्यादेपलीकडच्या आघातातही हेल्मेट काही ऊर्जा शोषतेच. त्यामुळे जीवघेणी इजा गंभीर किंवा गंभीर इजा मध्यम होण्याची शक्यता राहते. मात्र चाचणीपेक्षा कितीतरी मोठ्या आघातात पूर्ण संरक्षणाची अपेक्षा करता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

मोटारीच्या धडकेचे स्वरूप

मोटारीने धडक दिल्यावर सायकलस्वाराला साधारणपणे दोन आघात सोसावे लागतात. पहिला आघात मोटारीचा असतो. पाय किंवा कंबर गाडीच्या पुढच्या भागावर आपटते, शरीर बॉनेटवर फेकले जाते आणि डोके बॉनेट, समोरची काच किंवा काचेच्या दोन्ही बाजूंचे पोलादी खांब यांवर आदळते. सायकलस्वार पादचाऱ्यापेक्षा उंचावर बसलेला असल्याने त्याचे डोके गाडीवर सहसा अधिक वरच्या भागात आदळते. दुसरा आघात रस्त्यावर पडताना होतो.

यांपैकी प्रत्येक आघातात हेल्मेटचा उपयोग वेगवेगळा असतो. काचेचा मधला भाग आणि बॉनेटचा पातळ पत्रा काही प्रमाणात दबतो; काचेचा खांब मात्र जवळजवळ दबत नाही. अशा कठीण भागावर मध्यम वेगाने डोके आदळल्यास हेल्मेटचा फोम निर्णायक ठरू शकतो. नंतर रस्त्यावर पडताना होणारा आघात बऱ्याच अंशी चाचणीतील आघातासारखाच असतो. मोटारीशी होणाऱ्या सर्वच धडका पूर्ण वेगात समोरासमोर होत नाहीत. वळणारी गाडी आडवी येणे, उभ्या मोटारीचे दार अचानक उघडणे, ओलांडून जाताना हँडलला धक्का लागणे अशा अपघातांत सायकलस्वाराचे डोके बहुधा रस्त्यावरच आपटते.

याउलट, ट्रक किंवा बसच्या चाकाखाली डोके किंवा धड चिरडले गेल्यास सायकल हेल्मेट संरक्षण देऊ शकत नाही. छाती, पोट, कंबर आणि पाय यांच्या प्राणघातक दुखापतींवरही त्याचा परिणाम होत नाही.

अभ्यास आणि निष्कर्ष

जिवंत माणसांवर धडकेचे प्रयोग करता येत नसल्याने बहुतांश पुरावा रुग्णालयांतील नोंदींवर आधारलेल्या तुलनात्मक अभ्यासांतून आलेला आहे. अपघातात डोक्याला मार लागलेल्या सायकलस्वारांची तुलना शरीराच्या इतर भागांना मार लागलेल्या सायकलस्वारांशी केली जाते आणि दोन्ही गटांत हेल्मेट घातलेल्यांचे प्रमाण पाहिले जाते.

अमेरिकेतील सिअॅटल येथे रॉबर्ट थॉम्पसन, फ्रेडरिक रिवारा आणि डायन थॉम्पसन यांनी केलेला असा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी आणि मेंदूच्या दुखापतीचा ८८ टक्क्यांनी कमी होत असल्याचे म्हटले होते. हे आकडे पुढे जगभर उद्धृत झाले. अभ्यासाचा आकार लहान असल्याने आणि तुलनेचे गट एकमेकांशी पुरेसे जुळणारे नसल्याने त्यांवर टीकाही झाली. याच संशोधकांच्या १९९६ मधील मोठ्या अभ्यासात डोक्याच्या दुखापतीसाठी हा आकडा ६९ टक्के इतका आला. त्यांनीच १९९९ मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी घेतलेल्या आढाव्यात मोटार वाहनांच्या धडकेतील संरक्षण (६९ टक्के) आणि इतर अपघातांतील संरक्षण (६८ टक्के) जवळजवळ सारखेच आढळले. आढावा घेणारे आणि आढाव्यातील काही मूळ अभ्यासांचे लेखक एकच असल्याबद्दल आक्षेप घेण्यात आला.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्यात २००१ ते २००९ या काळात मोटार वाहनांशी धडक झालेल्या ६,७४५ सायकलस्वारांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलीस आणि रुग्णालयांच्या नोंदी जोडून केलेला हा अभ्यास केवळ मोटारींच्या धडकेपुरता असल्याने या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. त्यात हेल्मेटमुळे डोक्याच्या मध्यम दुखापतींचा धोका ४९ टक्के, गंभीर दुखापतींचा ६२ टक्के आणि अतिगंभीर दुखापतींचा ७४ टक्के कमी आढळला. म्हणजे इजा जितकी गंभीर, तितका फायदा अधिक. हेल्मेट न घालणाऱ्यांत वाहतुकीचे नियम मोडण्याचे आणि मद्यपानाचे प्रमाण अधिक होते. अशा घटकांचा प्रभाव वेगळा काढूनही हेल्मेटचा लाभ टिकून राहिला.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००६ ते २०१० या काळातील सायकलस्वारांच्या १२९ मृत्यूंचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतील बहुतांश मृत्यू मोटार वाहनांच्या धडकेत झाले होते. इतर दुखापतींनी मरण पावलेल्यांच्या तुलनेत डोक्याच्या दुखापतीने मरण पावलेल्यांत हेल्मेट न घातल्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली.

मेटा-विश्लेषणे

अनेक अभ्यासांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय पद्धतीने एकत्र करण्याला मेटा-विश्लेषण म्हणतात. नॉर्वेतील संशोधक रूने एल्विक यांनी २०११ मध्ये २००१ च्या एका मेटा-विश्लेषणाची फेरतपासणी केली. अनुकूल निष्कर्ष असलेलेच अभ्यास अधिक प्रसिद्ध होण्याची प्रवृत्ती लक्षात घेतल्यास हेल्मेटचा लाभ आधी सांगितल्यापेक्षा कमी भरतो, असे त्यांनी दाखवून दिले. २०१६ मध्ये जेक ऑलिव्हियर आणि प्रुडन्स क्रायटन यांनी ४० अभ्यासांतील ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली. त्यात डोक्याच्या दुखापतीची शक्यता ५१ टक्के, गंभीर दुखापतीची ६९ टक्के, प्राणघातक दुखापतीची ६५ टक्के आणि चेहऱ्याच्या दुखापतीची ३३ टक्के कमी आढळली.

नॉर्वेतील आलेना हॉये यांनी २०१८ मध्ये ५५ अभ्यासांवरून हेच आकडे डोक्याच्या दुखापतीसाठी ४८ टक्के आणि गंभीर दुखापतीसाठी ६० टक्के असे काढले. मोटारीशी होणाऱ्या धडकेपेक्षा एकट्याने पडण्याच्या अपघातांत हेल्मेटचा लाभ अधिक असण्याची शक्यता त्यांनी नोंदवली. मानेच्या दुखापतीवर हेल्मेटचा लक्षणीय परिणाम आढळला नाही. हेल्मेटमुळे मानेची इजा वाढते, अशी २००१ च्या मेटा-विश्लेषणातून निर्माण झालेली शंका पुढील मोठ्या अभ्यासांत पुष्ट झालेली नाही.

आकड्यांचा अर्थ

वरील टक्केवारी वाचताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे हे आकडे बहुधा ‘शक्यता-गुणोत्तरा’चे असतात. समजा, हेल्मेट न घातलेल्या १०० जखमींपैकी ४० जणांच्या डोक्याला मार लागला, तर शक्यता ४० ला ६० अशी होते. हेल्मेट घातलेल्या १०० जखमींत हीच संख्या २५ असेल, तर शक्यता २५ ला ७५ अशी होते. या काल्पनिक उदाहरणात शक्यता निम्म्यावर आली, पण प्रत्यक्ष प्रमाण ४० वरून २५ वर, म्हणजे ३७.५ टक्क्यांनी घटले. दुसरी गोष्ट म्हणजे या अभ्यासांत केवळ जखमी झालेल्यांचा समावेश असतो. अपघात झाल्यास काय होते, हे त्यांतून समजते. अपघात होण्याची शक्यता किती, हे समजत नाही.

पीळ आणि तिरके आघात

प्रत्यक्ष अपघातात डोके क्वचितच सरळ आदळते. तिरक्या आघातात डोक्याला अचानक पीळ बसतो, मेंदू कवटीच्या मागे पडतो आणि चेतातंतू ताणले जातात. प्रचलित मानकांतील सरळ आघातांच्या चाचणीत या परिणामाचे मोजमाप होत नाही. स्वीडनमध्ये विकसित झालेल्या ‘मिप्स’ पद्धतीत हेल्मेटच्या आत एक सरकता थर असतो. आघाताच्या क्षणी तो काही मिलिमीटर सरकून पिळाचा काही भाग कमी करतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१८ पासून सायकल हेल्मेटची प्रतवारी सुरू केली असून तिच्यात तिरक्या आघातांचा विचार केला जातो.

वर्तनविषयक वाद

हेल्मेटमुळे सुरक्षित वाटून सायकलस्वार अधिक धोका पत्करतात किंवा मोटारचालक कमी काळजी घेतात, असा एक आक्षेप आहे. बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांनी सायकलवर मापक यंत्र बसवून केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हेल्मेट घातले असताना मोटारी सरासरी सुमारे ८.५ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्याचे आढळले. २०१३ मध्ये ऑलिव्हियर आणि स्कॉट वॉल्टर यांनी याच माहितीचे पुन्हा विश्लेषण केले. एक मीटरपेक्षा कमी, म्हणजे खरोखर धोकादायक अंतरावरून जाण्याशी हेल्मेटचा संबंध नसल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. स्वतः सायकलस्वार अधिक बेफिकीर होतात, या गृहीतकाला बहुसंख्य अभ्यासांतून आधार मिळालेला नाही.

सक्तीचे कायदे

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० रोजी सर्व वयोगटांसाठी हेल्मेट सक्तीचे केले. तेथे हेल्मेट वापरण्याचे प्रमाण मार्च १९९० मधील ३१ टक्क्यांवरून वर्षभरात ७५ टक्क्यांवर गेले. देशातील इतर राज्यांनी लवकरच हेच धोरण स्वीकारले आणि न्यूझीलंडने १९९४ मध्ये त्याचे अनुकरण केले. २०१९ मधील एका विश्लेषणानुसार ऑस्ट्रेलियात कायद्यानंतर लोकसंख्येच्या प्रमाणात सायकलस्वारांचे मृत्यू ४६ टक्क्यांनी घटले. मात्र कायद्यानंतर काही ठिकाणी, विशेषतः किशोरवयीनांत, सायकल चालवणाऱ्यांची संख्याही घटल्याचे आढळले. त्यामुळे घट नेमकी कशामुळे झाली, यावर मतभेद आहेत.

सक्तीच्या विरोधकांचे म्हणणे असे की सायकल सोडून देणाऱ्यांच्या आरोग्याची हानी होते आणि रस्त्यावर सायकली कमी झाल्या की उरलेल्यांचा धोका वाढतो. अनेक कायदे पुढे सौम्य किंवा रद्द करण्यात आले. इस्रायलने २०११ मध्ये शहरांतील प्रौढांना सक्तीतून वगळले. सिअॅटल ज्या किंग काउंटीत आहे, तेथील नियम २०२२ मध्ये रद्द झाला. बेघर आणि कृष्णवर्णीय लोकांवर त्याखाली प्रमाणाबाहेर कारवाई होत असल्याचे कारण त्यामागे होते.

हेल्मेटची परिणामकारकता आणि हेल्मेटसक्तीची योग्यता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिला प्रश्न एका व्यक्तीच्या डोक्यावरील आघाताचा आहे, तर दुसरा संपूर्ण समाजाच्या वर्तनाचा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असले, तरी दुसऱ्याचे उत्तर त्यावरून आपोआप ठरत नाही. नेदरलँड्समध्ये दैनंदिन प्रवासात हेल्मेट फारसे वापरले जात नाही, तरीही तेथील सायकलप्रवास तुलनेने सुरक्षित मानला जातो. स्वतंत्र सायकलमार्ग, निवासी भागातील कमी वेगमर्यादा आणि सायकलींची मोठी संख्या ही त्याची कारणे सांगितली जातात. वाहनांच्या रचनेतही बदल होत आहेत. युरोपातील ‘युरो एनकॅप’ ही संस्था २०१८ पासून सायकलस्वार ओळखून आपोआप लागणाऱ्या ब्रेकची चाचणी घेते.

भारतातील स्थिती

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार मोटारसायकल चालवणाऱ्या आणि तिच्यावर बसणाऱ्या व्यक्तींना हेल्मेट बंधनकारक आहे. सायकल हे मोटार वाहन नसल्याने हे कलम तिला लागू होत नाही. २५० वॉटपर्यंत शक्तीची आणि ताशी २५ किमीपर्यंत वेगाची, ठरावीक अटी पूर्ण करणारी विजेवरील वाहनेही नियमांनुसार मोटार वाहनांत मोडत नाहीत. भारतीय मानक ‘आयएस ४१५१’ मोटारचलित दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आहे. एकेकाळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यासह राज्यातील शहरांत छंद किंवा व्यायाम म्हणून सायकल चालवणारे हेल्मेट वापरताना दिसतात. शाळकरी मुले, कामगार आणि दूध किंवा वृत्तपत्रे पोहोचवणारे यांच्यात मात्र हा वापर क्वचितच आढळतो.

योग्य वापर

मानकानुसार तपासलेले हेल्मेटही नीट बसवलेले नसल्यास धडकेच्या वेळी निसटते किंवा मागे सरकून कपाळ उघडे पडते. मोटारीच्या धडकेत एकापाठोपाठ एक आघात होत असल्याने ते दुसऱ्या आघातापर्यंत डोक्यावर टिकणे महत्त्वाचे असते. हेल्मेट डोक्यावर आडवे, भुवयांच्या सुमारे दोन बोटे वर बसावे. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाखाली इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या जुळाव्यात आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटांहून अधिक जागा राहू नये. मोठा आघात झालेले किंवा फोमला तडे गेलेले हेल्मेट बदलावे लागते.